पंप घ्यायचाय? आधी दिवसातून किती वेळा लागणार ते ठरवा

पहिल्या बाळंतपणात चौथ्या रात्री माझी छाती दगडासारखी झाली होती. मी कळव्याला माहेरी होते. दूध दाटलेलं, कातडी ताणून चकाकणारी, आणि बाळाला तोंडात काही धरताच येईना. ते रडून रडून लाल झालेलं. भाऊ धावत जाऊन मेडिकलमधून दूध काढायचा पंप घेऊन आला. पुढे काचेचा कर्णा आणि मागे लाल रबरी फुगा, जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा. फुगा दाबून सोडला की सुई टोचल्यासारखी कळ यायची आणि दूध जेमतेम चार थेंब. तेही उलटं त्या फुग्यात शिरायचं, आणि फुगा आतून धुवायची काही सोयच नव्हती. सकाळी मालिशवाल्या मावशी आल्या. त्यांनी गरम पाण्यात पंचा पिळून छातीवर ठेवला, खाली स्टीलची वाटी धरली आणि म्हणाल्या, "पोरी, आधी हात शिक. मशीन नंतर." दहा मिनिटांत वाटीच्या तळाला पिवळसर दूध जमलं, निपलभोवतीचं काळं वर्तुळ मऊ पडलं आणि बाळानं पहिल्यांदा नीट तोंडात धरलं.

आता मी ऐरोलीत राहते, दोन मुलं आहेत, आणि दुसऱ्या वेळी मी तीन वेगवेगळे पंप वापरले. बिल्डिंगमधली कुणी बाळंतीण झाली की पहिला प्रश्न हाच येतो: कुठला पंप घेऊ? मी उलट विचारते: कशासाठी हवाय, आणि दिवसातून किती वेळा काढणार? नोकरीवर जाणाऱ्या आईला या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत असतं. घरी असणाऱ्या आईचं तसं नसतं, आणि म्हणून ती एक तर नको तेवढा महाग पंप घेते, नाहीतर "घरीच असतेस ना, पंप कशाला?" हे ऐकून काहीच घेत नाही आणि मग रात्री-अपरात्री अडकते.

घरी असलेल्या आईलाही पंपाची गरज पडते, आणि ती अगदी रास्त असते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि काचेच्या पेटीत ठेवलं असेल. निपलला चिरा पडून पाजणं अशक्य झालं असेल. दूध दाटून ताप भरायची वेळ आली असेल. एखाद्या दिवशी बँकेचं काम, दाताचा डॉक्टर, मोठ्या मुलाची शाळेतली मीटिंग, किंवा स्पर्धा परीक्षेचं केंद्र दूर आलं असेल. घोडबंदर रोडला गायमुखला ट्रॅफिक अडकला की तासाचं काम तीन तासांवर जातं, हे ठाणेकर आईला सांगायला नको. आणि एक कारण असं आहे की जे बायका बोलत नाहीत: रात्रीचं एक पाजणं नवऱ्यानं किंवा आईनं सांभाळावं आणि आपल्याला सलग चार तास झोप मिळावी. हे कारणही तितकंच खरं आहे.

घाई करू नका, बाळ होऊ द्या

डोहाळजेवणाच्या भेटीत पंप आला तर गोष्ट वेगळी, पण स्वतः विकत घेत असाल तर बाळंतपणाआधी घेऊ नका. तुमचं बाळ कसं पितं, दूध कसं उतरतं, निपलचं माप काय, हे आधी कळतच नाही. शिवाय वापरलेला पंप स्वच्छतेच्या कारणामुळे दुकानदार सहसा परत घेत नाहीत. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर पहिले चार ते सहा आठवडे पंपाची गरजही नसते. या काळात छाती बाळाकडूनच शिकते की रोज किती दूध लागणार. जेवढं निघतं तेवढं पुन्हा तयार होतं. उगाच दर वेळी पंप लावून "रिकामं" करत बसलात तर शरीराला वाटतं जुळी आहेत, आणि दूध आणखी दाटतं.

अपवाद एकच, पण मोठा. बाळ आयसीयूत असेल किंवा अजिबात ओढत नसेल, तर थांबायचं नाही. शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हातानं चीक काढायला सुरुवात करायची आणि चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढायचं, रात्री धरून. अशा वेळी आधी हॉस्पिटलमधल्या नर्सला विचारा, त्यांच्याकडे मोठा पंप असण्याची शक्यता असते. आपल्याच दूधपेढीचं नाव इथं घ्यायला हवं: आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अशक्त बाळाला आईच्या दुधाचा एकेक थेंब किती मोलाचा आहे, हे आपल्या भागातल्या पालिकेच्या डॉक्टरांनी फार आधी ओळखलं होतं.

हातानं काढायला शिका, मग पंप कुठलाही घ्या

हे मी सगळ्यात आधी शिकवते, कारण लाइट गेली, चार्जिंग संपलं, झडप फाटली तरी हात बरोबर असतो. हात साबणानं धुवा. कोमट ओला पंचा दोन-तीन मिनिटं ठेवा. बोटांनी हलकं चोळा, रगडू नका. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निपलपासून तीन-चार सेंटीमीटर मागे ठेवा. आधी मागे छातीच्या फासळ्यांकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. निपल ओढायचं नाही, कातडीवर बोटं घसरवायची नाहीत. पहिल्या मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब, मग पान्हा फुटला की चिळकांड्या. बोटं थोडी फिरवत चारी बाजूंनी काढा. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांना एवढं आलं की पंप घ्यावाच लागला नाही.

किती वेळा लागणार, त्यावर प्रकार

आठवड्यातून एक-दोनदा किंवा दिवसातून एकदाच काढायचं असेल तर हँडलचा हाती पंप पुरे. मुठीनं दाबायचा असतो, आवाज नाही, वायर नाही, चार-पाच सुटे भाग, धुवायला सोपा. पर्समध्ये मावतो. महावितरणचं दुरुस्तीसाठी दिवसभराचं शटडाऊन असलं तरी चालतो. घरी असणाऱ्या बहुतेक आयांना मी हाच सुचवते. उणीव एकच: रोज तीन-चार वेळा वापरलात तर मनगट धरतं, आणि बाळंतिणीचं मनगट तसंही बाळ उचलून उचलून दुखत असतं. पण तो रबरी फुग्याचा घेऊ नका. त्याची ओढ ताब्यात राहत नाही आणि तो स्वच्छ होत नाही.

सिलिकॉनचा एक चंबूसारखा कप मिळतो. तो दाबून चिकटवायचा. एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूला गळणारं दूध तो गोळा करतो. ज्यांना एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूचं ब्लाउज भिजतं त्यांच्यासाठी हा स्वस्त आणि उपयोगी. दूध कमी असेल तर मात्र त्यावर विसंबू नका.

रोज दोन-तीन वेळा काढायचं असेल तर इलेक्ट्रिक. एकेरी पंपानं दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास जातो, दुहेरीनं पंधरा-वीस मिनिटं. बाळ दीड तास झोपत असेल आणि त्यातच जेवण, आंघोळ, मोठ्याचा डबा उरकायचा असेल, तर हा फरक फार मोठा असतो. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचाच तर बजेट थोडं ताणून दुहेरी घ्या.

बाळ अजिबात अंगावर पीत नसेल आणि सगळंच दूध काढून द्यायचं असेल, तर घरगुती पंपाची मोटर इतक्या वापरासाठी केलेलीच नसते. हॉस्पिटलमध्ये असतात ते मोठे, अनेक आयांनी वापरायचे पंप भाड्यानं मिळतात. मोटर सामाईक, पण कर्णा, नळी, बाटली यांचा संच तुमचा स्वतःचा नवा. महिन्या-दोन महिन्यांसाठी भाड्यानं घेणं शहाणपणाचं. स्तनपान सल्लागार किंवा बालरोगतज्ज्ञ कुठं मिळतो ते सांगू शकतात.

ब्रामध्ये बसणारे, बिनवायरचे पंप सध्या सगळ्यांना हवे असतात. मीही घेतला. चहा ठेवता येतो, कपडे वाळत घालता येतात, हे खरं. पण खाली वाकलं की दूध सांडतं. पोळपाटावर वाकून पोळी लाटताना मी पूर्ण कप सांडलाय आणि तिथंच बसून रडलेय. आत निपल नीट मध्ये आहे की नाही ते अनेक मॉडेल्समध्ये दिसत नाही. पाजणं सुरळीत झाल्यावर दुसरा पंप म्हणून चांगला. पहिला आणि एकमेव म्हणून नको.

माप: हे चुकलं की सगळं चुकलं

छातीला लागणारा जो कर्ण्यासारखा भाग असतो त्याला फ्लँज म्हणतात. खोक्यात बहुधा २४ मिमीचा येतो, काहींत २७ किंवा २८. दुकानदार याबद्दल काही बोलत नाही, आणि दूध आलं नाही की बाई स्वतःला दोष देते.

दुसऱ्या वेळी मला २४ च्या फ्लँजनं पाच मिनिटांत आग व्हायची आणि निपल सुजून पांढरं पडायचं. मी थोरल्याच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि मोजलं. फक्त निपलची रुंदी मोजायची, भोवतीचं काळं वर्तुळ नाही. आणि पंप लावण्याआधी मोजायची, नंतर ते फुगलेलं असतं. माझी भरली १६ मिमी. मापात साधारण दोन-तीन मिमी मिळवायचे. म्हणजे मला १९ चा हवा होता आणि मी २४ चा लावत होते. सिलिकॉनची कडी आत बसवून फ्लँज लहान करता येतो. ती मागवली आणि दुखणं त्याच दिवशी थांबलं. पंप तोच, मोटर तीच.

लावल्यावर डोळ्यांनी बघा. निपल बोगद्यात मोकळं पुढे-मागे व्हायला हवं. भिंतींना घासत असेल तर फ्लँज लहान पडतोय. काळं वर्तुळ बरंचसं आत खेचलं जात असेल तर मोठा आहे. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत बदलतातही. म्हणून पंप निवडताना त्याचे वेगवेगळ्या मापांचे फ्लँज सुटे मिळतात का, हे मी मोटरच्याही आधी विचारते.

दुकानात काय बघायचं

ठाण्यात राम मारुती रोडला किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये फिरून प्रत्यक्ष हातात घेऊन बघा, मग हवं तर ऑनलाइन मागवा. दुकानात तो चालू करून आवाज ऐका. वन बीएचकेमध्ये बाळ, सासू-सासरे आणि तुम्ही एकाच भिंतीआड झोपता तेव्हा रात्री तीन वाजता हा आवाज कसा वाटेल, याचा विचार तिथंच करा.

खोक्यावर ओढीचा मोठा आकडा छापलेला असतो. त्याला भुलू नका. जास्त ओढलं म्हणून जास्त दूध येत नाही. दुखलं की पान्हा आखडतो. तुम्हाला सोसेल त्या सर्वांत वरच्या पायरीवर थांबायचं. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. ओढ आणि वेग दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येतात का? आणि सुरुवातीची हलकी-जलद लय आणि नंतरची सावकाश-खोल लय अशा दोन पद्धती आहेत का? बाळही तसंच पितं: आधी भराभर चोखतं, पान्हा फुटला की मोठे घोट घेतं.

बंदिस्त रचनेचा पंपच घ्या. त्यात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळे दूध नळीत आणि मोटरीत शिरत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात याची किंमत कळते. जुलैत ऐरोलीत कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा बुरसटतात. नळीत दुधाचा थेंब राहिला तर काळे ठिपके यायला वेळ लागत नाही. नळीत नुसती वाफ दिसली तर ती पंपाला लावून काही मिनिटं मोकळा चालवा, कोरडी होते. बुरशी दिसली तर नळी फेकून द्या.

सोसायटीच्या ग्रुपवर "एकदाच वापरलेला" पंप निम्म्या किमतीत येतो. एका आईसाठी केलेला पंप दुसरीनं वापरू नये, कारण उघड्या रचनेत आतला भाग धुताच येत नाही. बहिणीचा असला तरी. मोह होतो, मला कळतं, पण इथं पैसे वाचवू नका.

अमेरिकेतली नणंद किंवा मावसबहीण येताना पंप आणते, असं आपल्याकडे घरोघरी होतं. अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. '१००–२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायचा जोड लागेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावायचा नाही, जळेल. आणि त्याच्या झडपा इथं मिळतात का ते आणण्याआधीच विचारा.

पंपाबरोबर पाजायच्या बाटल्यांचा संच आणि पावडरच्या दुधाचा सल्ला गळ्यात पडला तर नम्रपणे नाही म्हणा. बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या पावडर दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा पालडाईनं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं, छान पाजता येतं, आणि ती धुवायला बाटलीपेक्षा सोपी.

काढताना

वेळ सकाळची निवडा, पहिल्या पाजण्यानंतर तासाभरानं. रात्री दूध वाढवणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणून सकाळी छाती भरलेली असते. पाठीला उशी, पाय टेकलेले, शेजारी पाण्याचा तांब्या. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे बघत, नसेल तर त्याचं झबलं मांडीवर घेऊन बसा. पान्हा मनावर चालतो. माझ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती पाजणाऱ्या बाईसमोर कुणाला चढ्या आवाजात बोलू द्यायची नाही.

हलक्या-जलद लयीनं सुरुवात, एक-दोन मिनिटांत पान्हा फुटला की सावकाश लय. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दाटलेल्या छातीसाठी पंप लावला असेल तर मऊ पडेपर्यंतच काढा आणि थांबा. नंतर थंड पंचा ठेवा. लाल चट्टा, थंडी वाजून ताप, असं चोवीस तासांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे जा, आणि पाजणं बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ पिऊन झाल्यावर पंप लावला तर दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली येणं अगदी नेहमीचं आहे. पूर्ण अंगावर पिणाऱ्या एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात सुमारे ७५० ते ८०० मिली लागतं, म्हणजे एका वेळेचं ७५ ते १०० मिली जमायला दोन-तीन वेळा काढावं लागतं. शेजारणीनं भरलेली बाटली दाखवली म्हणून घाबरू नका, आणि "दूध कमी आहे, हळीव खा" असं कुणी म्हटलं तर हळिवाची खीर जरूर खा, पण दूध किती येतं ते बाटलीवरून ठरवू नका. पंप कधीच बाळासारखा ओढत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होताहेत, दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलंय आणि पुढे वाढतंय, तर दूध पुरतंय.

ठेवणं आणि धुणं

पुस्तकात लिहितात की ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर राहतं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये खोली तीसच्या वर असते, तेव्हा लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं, पण आपल्या घरात फ्रिज दिवसात पन्नासदा उघडतो, म्हणून मी २४ तासांत वापरायचे. दारातल्या कप्प्यात नको, मागच्या बाजूला ठेवा, झाकण लावून, तारीख-वेळ लिहून. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. वितळलेलं दूध २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. वर साय जमते, ती दूध नासल्याची खूण नाही. भांडं हलकं फिरवलं की मिसळते. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. बाळाचं उष्टं दूध दोन तासांत वापरा नाहीतर टाका.

धुण्यासाठी एक पातेलं आणि एक ब्रश फक्त पंपाचाच ठेवा. सिंकमध्ये टाकायचं नाही, खरकट्या भांड्यांच्या घासणीनं घासायचं नाही. कामाच्या ताईंना हे आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर त्या मदत म्हणून घासून ठेवतात. प्रत्येक वेळी सुटे भाग उघडून साबण आणि कोमट पाणी, आणि बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान किंवा अशक्त असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचं. नळी आणि मोटर उकळायची नाही. स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळू द्या, पदरानं पुसू नका.

दोन-तीन महिन्यांनी कधीतरी पंप आधीसारखा ओढत नाही असं वाटेल. मोटर गेली म्हणून दुकानात धावण्याआधी ती चोचीसारखी सिलिकॉनची झडप उजेडात धरा आणि हलकेच दाबा. चीर लांबलेली किंवा तोंड उघडं राहिलेलं दिसलं तर तिथूनच हवा जातेय. पंप घेतानाच झडपांची एक जास्तीची जोडी घेऊन ठेवली असेल तर ती बदला, आणि पंधरा मिनिटांत पुन्हा काढायला बसा.